लेथचा चक : जुन्याची दुरुस्ती आणि बसवणूक

घरांतील शिवणयंत्र, दारांतील सायकल, पाण्याचा पंप, छतावरचा पंखा आणि रस्त्यावरची मोटार या सर्व वस्तूंत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकींत कोठें तरी एक गोल दांडा फिरत असतो. आणि तो दांडा ज्या मानानें खरोखर गोल व सरळ असेल, त्या मानानें ती वस्तु मुकाट्यानें व दीर्घकाळ काम देते. दांडा मध्यापासून किंचित् ढळलेला असला म्हणजे यंत्र कुरकुरूं लागतें, तापूं लागतें आणि अखेरीस बंद पडतें. लोखंडाला हा गोलपणा देणारें यंत्र म्हणजे लेथ होय. लेथ बहुतेकांनीं एखाद्या कारखान्याच्या दारांतून जातां जातां पाहिलेला असतो. परंतु ज्या भागावर त्याच्या कामाचा खरेपणा अवलंबून असतो, त्या चकाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

कातकामाची कला महाराष्ट्राला नवी नाहीं. पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणें, बुद्धिबळाचीं मोहरीं, सावंतवाडीचीं लाखेच्या रंगांचीं खेळणीं हीं सारीं कातारी लोकांच्या हातचीं कामें. लाकूड फिरत असतें आणि कातारी हातांतील हत्यार त्याला लावून हवा तो आकार देतो. धातूच्या लेथमध्यें तत्त्व तेंच आहे. फरक इतकाच कीं, तेथें हत्यार माणसाच्या मुठींत नसून एका सरकत्या लोखंडी बैठकीवर पक्कें बांधलेलें असतें. इंग्लंडांत हेन्री मॉडस्ले यानें सन १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला आणि यंत्रें घडविणाऱ्या यंत्रांना नवें वळण लागलें. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हातीं पडूं लागले. पुढें सन १९४१ मध्यें हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी यंत्रें बनविणारीं यंत्रें तयार करण्यासाठींच निघाली. तेव्हांपासून लेथ हें यंत्र मोठ्या कारखान्यांबरोबरच गांवोगांवच्या लहान कारखान्यांतूनही हळूंहळूं रुळलें.

लेथमध्यें डाव्या बाजूस जो जाड दांडा फिरत असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. स्पिंडल हें लेथचें मनगट मानलें तर चक हा त्याचा पंजा होय. कातावयाचा लोखंडी तुकडा चक आपल्या जबड्यांत धरतो आणि स्पिंडलबरोबर फिरवितो. नेहमींच्या चकाला तीन जबडे असतात. त्याच्या कडेला एक चौकोनी भोंक असतें. त्यांत किल्ली घालून फिरविली कीं तीनही जबडे एकाच वेळीं, सारख्याच अंतरानें, मध्याकडे सरकतात किंवा मध्यापासून दूर जातात. प्रथम पाहणाऱ्याला यांत कांहीं जादू आहे असें वाटतें. पण आंतील रचना साधी आहे. किल्लीनें आंतलें एक लहान दांतेरी चाक फिरतें. तें एका मोठ्या तबकडीच्या पाठीवरील दांत्यांत अडकलेलें असतें. त्या तबकडीच्या पुढच्या तोंडावर नाग वेटोळें घालून बसावा तशी मध्यापासून कडेपर्यंत गेलेली एक सलग खांच कोरलेली असते. जबड्यांच्या पाठीवरचे दांते या खांचेंत बसलेले असतात. तबकडी फिरली कीं वेटोळें फिरतें, आणि जबड्यांना आपापल्या सरळ वाटेनें आंत किंवा बाहेर जाण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांतील सायमन फेअरमन या गृहस्थानें अशा चकाचें पेटंट सन १८४० मध्यें घेतलें. आणि पुढें त्याचा जांवई ऑस्टिन कुशमन यानें सन १८६२ च्या सुमारास आपला चक बाजारांत आणून तो लोकप्रिय केला. चक आणखी एका जातीचा असतो. त्याला चार जबडे असतात आणि प्रत्येक जबडा स्वतःच्या निराळ्या स्क्रूनें पुढें-मागें होतो. तीन जबड्यांचा चक काम झटकन् पकडतो. चार जबड्यांच्या चकांत तुकडा मध्यावर आणण्यास वेळ व कसब लागतें, पण खटाटोप करणाऱ्यास तो अधिक अचूक फळ देतो.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. विहिरीवर बसवावयाच्या पंपाचा शाफ्ट एका लहान कारखान्यांत कातला जात आहे. शाफ्टच्या दोन टोकांना दोन बेअरिंगें बसावयाचीं आहेत. कसलेला टर्नर असें काम दोन सेंटरांच्या मध्यें धरून करतो. पण घाईच्या दिवसांत तें चकांतच उरकलें जातें. एक टोक कातून झालें कीं शाफ्ट उलटा करून धरतात आणि दुसरें टोक कातात. चक जर शाफ्टला मध्यापासून तीन थाऊ बाजूला धरीत असेल, तर दोन्ही टोकें वेगवेगळ्या मध्यांवर कातलीं जातात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; माणसाच्या डोक्याचा केस सुमारें दोन ते चार थाऊ जाड असतो. म्हणजे चूक एका केसाएवढी झाली. पण हा शाफ्ट जेव्हां विजेच्या मोटारीला जोडला जाऊन मिनिटाला चौदाशेंहून अधिक फेरे घेऊं लागतो, तेव्हां ती केसाएवढी चूक बेअरिंगला प्रत्येक फेऱ्यागणिक झोडपून काढते. पंप कारखान्यांत चालतो, दुकानांत चालतो, आणि ऐन चैत्र-वैशाखांत पीक उभें असतां विहिरीवर बंद पडतो. दोष कोणाचा, हें त्या शेतकऱ्याला कधींच कळत नाहीं.

लहान कारखानदार बहुधा जुना लेथ विकत घेतो. गिरण्या व मोठे कारखाने यंत्रें बदलतात तेव्हां जुनीं यंत्रें भंगारबाजारांत येतात, आणि त्यांच्याबरोबर जुने चकही येतात. अशा चकाच्या अंगावर गंज चढलेला असतो, आंत लोखंडाचा कीस व वाळलेलें तेल यांचा दगडासारखा थर बसलेला असतो, आणि जबडे किल्लीला दाद देत नाहींत. घेणाऱ्यापुढें प्रश्न असा असतो कीं, हा चक फेकून देऊन नवा घ्यावा, कीं याचीच दुरुस्ती करावी? चांगल्या घडणीचा जुना चक पुष्कळ वेळां हलक्या प्रतीच्या नव्या चकापेक्षां सरस ठरतो. मात्र त्याची परीक्षा डोळसपणें झाली पाहिजे. अंगाला तडा गेलेला चक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. ओतीव लोखंडाचा तडा सांधून तो पुन्हां वेगानें फिरविणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

दुरुस्तीचें पहिलें काम म्हणजे लेथवर असलेला चक उतरविणें. जुन्या लेथमध्यें चक स्पिंडलच्या तोंडावरील आट्यांवर नटासारखा फिरवून बसविलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या कामानें तो घट्ट आवळला गेलेला असतो. उतावळा माणूस अशा वेळीं लेथचीं दांतेरी चाकें अडकवून ठेवतो आणि किल्लीवर हातोडा मारतो. त्यानें चक सुटण्याआधीं चाकाचा दांताच तुटतो. योग्य रीति निराळी आहे. प्रथम चकाखालीं लेथच्या बेडवर एक जाड फळी ठेवावी, कारण आठ इंची चकाचें वजन सहज बारा-पंधरा किलोग्रॅम भरतें. तो हातांतून निसटला तर बेडवर कायमचा घाव पडतो, आणि बोट मध्यें सांपडल्यास बोट जातें. नंतर लेथची गति सर्वांत मंद अशा जोडणींत आणावी. बेडच्या मागील बाजूस एक लांकडी ठोकळा उभा करून त्यावर चकाचा एक जबडा टेकेल असें करावें, आणि पट्टा हातानें उलट्या दिशेनें ओढून स्पिंडल मागें फिरवावा. ठोकळा चकाला अडवून धरतो, स्पिंडल मागें फिरतो, आणि घट्ट बसलेला आटा सैल होतो. विजेच्या जोरावर हें काम कधींही करूं नये.

चक खालीं उतरला कीं तो उघडावयाचा. त्यापूर्वीं एक नियम पाळावा: ज्या दोन भागांची जोडी मोडावयाची, त्या दोहोंवर सेंटरपंचानें खुणा कराव्या. जबड्यांवर बहुधा १, २, ३ असे आंकडे कोरलेले असतात आणि चकाच्या अंगांतील वाटांवरही तेच आंकडे असतात. गंजाखालीं ते झांकले असतील तर घासून शोधून काढावे. किल्ली फिरवीत जबडे एकामागून एक बाहेर काढावे. मागील बोल्ट काढून बॅकप्लेट निराळी करावी. ती घट्ट बसली असल्यास लांकडी हातोड्यानें चहूंबाजूंनीं हळूंहळूं ठोकावी, एकाच बाजूनें पहारीनें उचलूं नये. मग किल्लीचीं तीन लहान दांतेरी चाकें त्यांचे अडसर काढून ओढून घ्यावीं आणि शेवटीं वेटोळ्याची तबकडी बाहेर काढावी. लहान स्क्रू वाटींत, क्रमानें ठेवावे. स्वयंपाकघरांत जी शिस्त मसाल्याच्या डब्याला असते, तीच येथें हवी.

धुण्यासाठीं रॉकेल उत्तम. भाग त्यांत रात्रभर बुडवून ठेवले म्हणजे वाळलेलें तेल मऊ पडतें. तबकडीच्या खांचेंत मात्र नुसत्या बुडविण्यानें भागत नाहीं. वेटोळ्याच्या तळाशीं लोखंडाचे बारीक कण दाबून बसलेले असतात. ते पितळी ब्रशानें व टोकदार काडीनें, वेटोळ्याच्या आरंभापासून अंतापर्यंत बोटबोट पुढें सरकत, काढावे लागतात. चक जड चालतो, अडखळतो आणि काम वांकडें धरतो, याचें कारण कित्येक वेळां झीज नसून केवळ ही घाण असते. एखादा कण जबड्याच्या दांत्याखालीं सांपडला तर तो जबडा इतर दोघांच्या मागें किंवा पुढें राहतो, आणि मग सगळा हिशेब चुकतो.

चकाच्या ओतीव अंगावरचा जाड गंज काढण्यास विजेची एक सौम्य रीति आहे. प्लास्टिकच्या पिंपांत पाणी घेऊन त्यांत धुण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरी भरण्याच्या साध्या चार्जरचें ऋण टोक चकाच्या अंगाला व धन टोक साध्या लोखंडाच्या पत्र्याला जोडावें, आणि दोन्ही वस्तु एकमेकींना न शिवतां पाण्यांत सोडाव्या. कांहीं तासांत गंज भुसभुशीत होऊन ब्रशानें निघून येतो आणि खालच्या चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाहीं. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो. म्हणून हें काम उघड्यावर करावें आणि जवळपास बिडी-काडी पेटवूं नये. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कदापि घेऊं नये, कारण त्यांतून क्रोमियमचीं विषारी संयुगें पाण्यांत उतरतात. जबडे व दांतेरी चाकें पाणी दिलेल्या कठीण पोलादाचीं असतात. हायड्रोजन अशा पोलादांत शिरला तर तें ठिसूळ होण्याचें भय असतें; तेव्हां त्यांना आम्ल व वीज या दोहोंपासून दूर ठेवून रॉकेल व ब्रश यांवरच भागवावें. तसेंच, ज्या पृष्ठभागावर चक व बॅकप्लेट एकमेकांना टेकतात, तेथें कानस किंवा खरखरीत कागद चालवूं नये. त्या पृष्ठभागाचें सपाटपण हीच चकाची खरी दौलत आहे. एखादा उंच टवका असला तर तेवढाच तेलाच्या दगडानें हलके उतरवावा.

धुऊन पुसून झालें कीं परीक्षा. खांचेच्या भिंती फार झिजल्या आहेत काय, जबडे आपल्या वाटेंत डुलतात काय, दांतेरी चाकाचा एखादा दांता तुटला आहे काय, हें पाहावें. सर्वांत नेहमींचा रोग म्हणजे जबड्यांचीं तोंडें फांकणें. तुकडा नेहमीं जबड्यांच्या पुढच्या टोकांतच धरला गेला कीं तीं टोकें झिजतात व बाहेर कलतात. मग जबडे कामाला फक्त मागच्या बाजूस धरतात आणि पुढचें टोक मोकळेंच राहतें. हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. एक सरळ घासलेला दांडा चकांत आवळावा आणि जबड्याच्या पुढच्या टोकाशीं पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहावी. पट्टी आंत शिरली तर रोग आहेच.

यावर इलाज म्हणजे चक लेथवर असतांनाच फिरत्या सहाणेच्या लहान चाकानें जबड्यांचीं तोंडें घासून सारखीं करणें. पण येथें पुष्कळ जण फसतात. मोकळे जबडे घासून उपयोग नाहीं. काम धरतांना जबडे बाहेरच्या बाजूस रेटले जातात आणि वाटेंतली सारी ढिलाई त्या दिशेला जाते; घासतांनाही त्यांच्यावर तसाच रेटा असला पाहिजे. यासाठीं तीन खांचा पाडलेली एक तबकडी जबड्यांत अशी आवळतात कीं जबड्यांवर ताण राहावा आणि घासावयाचा भाग मोकळा सुटावा. लेथचा बेड ओल्या फडक्यानें पूर्ण झांकावा, कारण सहाणेची भुकटी बेडवर पडली तर एक रोग बरा करतां करतां दुसरा जडतो. शिवाय, घासून गेलेलें पोलाद परत येत नसतें. म्हणून हा उपाय चक स्वच्छ करून, नीट बसवून व मोजून पाहिल्यावर, अगदीं शेवटीं करावा.

जोडणी करतांना तबकडीला पातळ तेलाचा हात द्यावा. ग्रीस भरमसाट लावण्याची हौस धरूं नये. तें कीस धरून ठेवतें आणि वेगांत फिरतांना टर्नरच्या अंगावर उडतें. जबडे क्रमानेंच घालावे. वेटोळ्याचें बाहेरचें टोक पहिल्या वाटेंत दिसूं लागेपर्यंत किल्ली फिरवावी, किंचित् मागें घ्यावी, पहिला जबडा दाबून धरावा आणि पुन्हां फिरवावी. टोक दुसऱ्या वाटेंत आलें कीं दुसरा जबडा, नंतर तिसरा. क्रम चुकला तर जबडे मध्यावर एकत्र येत नाहींत, आणि हीच बरोबर जोडणीची खूण आहे. येथें एक कुतूहलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तीन जबड्यांच्या चकाबरोबर बहुधा जबड्यांचे दोन संच येतात, एक बारीक कामासाठीं व एक रुंद कामासाठीं. एकच संच उलटा करून का वापरतां येत नाहीं? याचें कारण असें कीं, वेटोळ्याची खांच वक्र असल्यानें जबड्याचे दांतेही त्या वक्रतेला जुळते घडविलेले असतात. जबडा उलटा केला कीं त्यांची वक्रता विरुद्ध दिशेला जाते. चार जबड्यांच्या चकांत प्रत्येकाला साधा स्क्रू असतो, म्हणून तेथें जबडे खुशाल उलटे घालतां येतात.

आतां बसवणूक. चक थेट स्पिंडलवर न बसवितां मध्यें ओतीव लोखंडाची बॅकप्लेट घालतात. लेथ बदलला कीं स्पिंडलचे आटे बदलतात. बॅकप्लेट हा फरक आपल्या अंगावर घेते आणि चक मात्र कोणत्याही लेथवर चालूं शकतो. अमेरिकेंत सन १९०६ मध्यें स्थापन झालेल्या साउथ बेंड कारखान्याच्या प्रसिद्ध नऊ इंची लेथच्या स्पिंडलचा व्यास दीड इंच असून त्यावर इंचाला ८ आटे असतात. इंग्लंडांतील मायफोर्ड कंपनीच्या एम्. एल्. ७ या लेथवर व्यास एक पूर्णांक एक अष्टमांश इंच व इंचाला १२ आटे असतात. जुना चक बाजारांत घेतांना हीं मापें खिशांत लिहून ठेवलेलीं असावीं.

बॅकप्लेट करण्यापूर्वीं स्पिंडलचीच परीक्षा घ्यावी. त्याच्या तोंडाला डायल गेज टेकवून तो हातानें सावकाश फिरवावा. कांटा तेथेंच डुलत असेल तर दोष बेअरिंगांत आहे, आणि कोणताही चक तो झांकूं शकणार नाहीं. स्पिंडल निर्दोष ठरला कीं त्याचे आटे व त्यामागील खांदा ब्रशानें निर्मळ करून तेलाचा एक थेंब द्यावा आणि बॅकप्लेट हातानें फिरवीत चढवावी. एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: आट्यांचें काम केवळ प्लेटला मागें ओढून घेण्याचें, प्लेट सरळ राहते ती स्पिंडलच्या खांद्याला पाठ टेकल्यामुळें. खांदा व प्लेट यांच्यामध्यें किसाचा एक कण जरी राहिला तरी चक तिरका बसतो.

यापुढची पायरी या साऱ्या कलेचें मर्म आहे. बॅकप्लेट ज्या लेथवर वापरावयाची, त्याच लेथवर, त्याच स्पिंडलवर चढवून तिचें तोंड कातावयाचें. प्लेटच्या आट्यांत किंवा ओतकामांत जी काय थोडीफार चूक राहिली असेल, ती या शेवटच्या कातण्यानें पुसली जाते, कारण फिरतांना प्लेटचा मध्य व स्पिंडलचा मध्य आतां एकच होतो. म्हणूनच एका लेथवर कातलेली बॅकप्लेट दुसऱ्या लेथवर आंधळेपणानें वापरूं नये. तोंड सपाट करून झालें कीं त्याच्या मध्यावर एक गोल उंचवटा राखतात. हा उंचवटा चकाच्या पाठीवरील गोल खोबणींत बसतो आणि चकाला मध्यावर आणतो. शेवटचे दोन-तीन थाऊ राहिले म्हणजे घाई करूं नये. हलका हात देऊन कातावें, पुसावें, चक लावून पाहावा, पुन्हां कातावें. चक हाताच्या दाबानें सरकून बसला आणि बसल्यावर हलला नाहीं, म्हणजे माप जुळलें. उंचवट्याची उंची खोबणीच्या खोलीपेक्षां थोडी कमी ठेवावी. नाहींतर तो तळाला टेकतो आणि चकाची पाठ प्लेटच्या तोंडाला नीट भिडत नाहीं. चुकून उंचवटा बारीक कातला गेला, तरी प्लेट पुरेशी जाड असल्यास तो सपाट करून नवा कातावा. सैल उंचवट्यावर पत्र्याचा तुकडा गुंडाळून काम भागविण्याची संवय वाईट.

बोल्टांच्या भोंकांची जागा ठरविण्यासाठीं चकाच्या पाठीवरील आट्यांच्या भोंकांत टोकदार, बिनडोक्याचे स्क्रू बसवून चक उंचवट्यावर दाबावा. प्लेटवर टोकांच्या खुणा उमटतात. तेथें बोल्टाच्या व्यासापेक्षां सुमारें इंचाचा बत्तिसावा भाग मोठीं भोंकें पाडावीं. चकाला मध्यावर ठेवण्याचें काम उंचवट्याचें आहे आणि बोल्टांनीं फक्त आवळावयाचें आहे. भोंकें अगदीं घट्ट ठेवलीं तर बोल्ट चकाला आपल्याकडे ओढूं लागतात. बोल्ट आवळतांना एकदम एकच न आवळतां आळीपाळीनें, थोडथोडे आवळावे.

आतां निकाल पाहावयाचा. एक सरळ घासलेला दांडा चकांत धरून चकापासून थोड्या अंतरावर त्याला डायल गेज लावावें आणि एक पूर्ण फेरा हातानें फिरवावा. समजा, कांटा एकंदर सहा थाऊ हलला. तर दांडा मध्यापासून तीन थाऊ ढळला आहे, कारण तोच ढळ फेऱ्याच्या एका बाजूस पुढें व दुसऱ्या बाजूस मागें दिसतो. हा दुपटीचा हिशेब न समजल्यामुळें नवशिका माणूस विनाकारण घाबरतो किंवा भलतीकडे दुरुस्ती करूं लागतो. कांट्याचा एकंदर हेलकावा तीन थाऊंच्या आंत असला तर साधा तीन जबड्यांचा चक चांगला समजावा. शिवाय तो वेगवेगळ्या व्यासांवर वेगवेगळी चूक दाखवितो, कारण वेटोळ्याचा प्रत्येक भाग सारखा झिजलेला नसतो. म्हणून अर्ध्या इंचाच्या दांड्यावर पाहून समाधान न मानतां एक-दोन मोठ्या व्यासांवरही पाहावें, आणि आंकडे चकाजवळ टांगलेल्या पाटीवर लिहून ठेवावे. आपल्या हत्याराचा दोष नेमका किती हें ज्याला माहीत आहे, तो त्या दोषासकट चांगलें काम करूं शकतो. ज्या कामांत एवढीही चूक चालणार नाहीं, तें चार जबड्यांच्या चकांत डायल गेज लावून बसवावें, किंवा सर्व व्यास एकाच बांधणींत, तुकडा चकांतून न काढतां, कातून घ्यावे. पंपाच्या शाफ्टचें संकट टाळण्याचा मार्ग हाच.

राहिली सुरक्षिततेची गोष्ट. चकाचा अपघात बहुधा अज्ञानानें होत नाहीं. रोजच्या संवयीनें होतो. किल्ली चकांतच राहिली आणि कोणी बटण दाबलें, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. म्हणून चांगल्या कारखान्यांतून असा दंडक असतो कीं, किल्ली चकांत असतां तिच्यावरचा हात काढावयाचा नाहीं. हात निघाला कीं किल्लीही निघाली पाहिजे. चकाजवळ काम करणाऱ्यानें हातमोजे घालूं नयेत, अंगठी काढून ठेवावी, सदऱ्याच्या बाह्या कोपरावर गुंडाळाव्या, आणि सैल उपरणें, लांब केस किंवा ओढणी यंत्राजवळ येऊं देऊं नये. फिरत्या चकाला माणूस व फडकें यांतला भेद कळत नाहीं. वेगाची मर्यादाही पाळावी. वेग दुप्पट केला कीं जबड्यांना बाहेर फेकूं पाहणारा जोर चौपट होतो. त्यामुळें पकड सैल पडते आणि ओतीव अंगावर भलताच ताण येतो. बनविणाऱ्यानें चकावर कोरलेली वेगाची मर्यादा त्याच्या तरुणपणची आहे. जुन्या चकाला तिच्या पुष्कळ आंतच चालवावें. आट्यांवर बसणारा चक उलट्या दिशेनें जोरानें फिरविला किंवा एकाएकीं थांबविला, तर तो सुटून बाहेर येऊं शकतो. नव्या लेथांतून चक आट्यांऐवजीं निमुळत्या तोंडावर व कळीच्या खुंट्यांनीं बसवितात, त्यामुळें हें भय उरलें नाहीं. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांत तर जबडे तेलाच्या दाबानें आपोआप मिटतात. पण जुने आट्यांचे लेथ अद्याप शेंकडों लहान कारखान्यांतून भाकरी मिळवून देत आहेत, आणि त्यांच्यापुढें उभें राहणारे हात बहुधा तरुण उमेदवारांचे असतात.

नीट धुतलेला, जोडलेला व मोजलेला चक पहिल्यांदा चालू करण्यापूर्वीं हातानें एक पूर्ण फेरा द्यावा, म्हणजे जबडा कोठें अडत असेल तर तें कळतें. मग मंद वेगावर, यंत्राच्या समोर न उभें राहतां बाजूस उभें राहून, तो सुरू करावा आणि आवाज ऐकावा. बरोबर बसलेल्या चकाचा आवाज एकसारखा असतो. त्यांत ठोका नसतो. ठोका ऐकूं आला तर लेथ लगेच थांबवून पुन्हां खांद्यापासून तपासणी करावी. हें सारें काम एका माणसाच्या एक-दोन दिवसांचें आहे, आणि त्याला लागणारें साहित्य म्हणजे रॉकेल, ब्रश, एक डायल गेज आणि पुष्कळशी चिकाटी. इतक्या भांडवलावर भंगारांत पडलेला चक आणखी वीस-पंचवीस वर्षें सचोटीनें काम देऊं शकतो, आणि त्यावर कातलेला शाफ्ट कोठल्या तरी विहिरीवर उन्हाळाभर न कुरकुरतां फिरत राहतो.